शांततेतला पंखा

एक

खून झालेल्या माणसाची तक्रार त्याचे नातेवाईक घेऊन येतात. आवाज गेलेल्या बाई मात्र माझ्याकडे स्वतः आल्या होत्या.

गळ्याभोवती मऊ रुमाल, मांडीवर लहान मुलांची असते तशी लिहून पुसायची पाटी. त्यांनी पाटी माझ्यासमोर धरली. "माझा आवाज कोणीतरी घालवला." अक्षर एकदम वळणदार, फळ्यावर काढल्यासारखं. सायबर शाखेत माझे केस पांढरे झाले. पैसे जातात, फोटो जातात, पासवर्ड तर पायलीला पन्नास जातात. आवाज गेल्याची तक्रार पहिलीच होती.

बाकीचं यजमानांनी सांगितलं. बाई बालवाडीत शिकवायच्या. घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्रच काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा ऑपरेशनच्या आधी बाईंनी एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत रोज बसून हजारो वाक्यं वाचली, दुखणाऱ्या घशानं. त्यावरून एक कंपनी बाईंच्याच आवाजात बोलणारं यंत्र बनवून देणार होती. ऑपरेशन झालं. वाक्यं कंपनीला पाठवायच्या आदल्या दिवशी स्टुडिओतला कॉम्प्युटर उघडला, तर पडद्यावर एक चौकट. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी तर पैसे टाका.

"टाकले का?" मी विचारलं.

"टाकले. किल्ली आली नाही."

येतच नाही बहुतेकदा. मी त्यांना तेव्हा ते बोलले नाही.

"घरी फोनमध्ये व्हिडिओ असतील ना?"

"आहेत. पण त्यात वर्गभर पोरांचा दंगा. हिचा आवाज त्यात बुडून गेलाय. कंपनी म्हणते, यावरून यंत्र होणार नाही." यजमान पुढे झुकले. "मॅडम, आमच्यासारख्यांचं एक वेळ ठीक आहे, आम्ही पाटी वाचतो. हिच्या आईला दिसत नाही."

आई त्यांच्याकडेच राहतात. बाजारातलं तयार बोलणारं यंत्र आणलं, तर पहिल्याच वाक्याला आईंनी लेकीचा हात चाचपला आणि म्हणाल्या, "हात माझ्या लेकीचा, बोलतीये कोण? या बाईला आधी घराबाहेर काढा." त्या दिवसापासून यंत्र कपाटात. ऑपरेशनचं आईंना दहादा समजावलं, पण वय झालंय, संध्याकाळपर्यंत विसरतात. मग रोज विचारतात, ही माझ्याशी बोलत का नाही, माझं काय चुकलं.

मी बाईंना विचारलं, "तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?"

मला वाटलं, आवाज परत आणा म्हणून लिहितील. त्यांनी पाटी पुसली आणि दोनच शब्द लिहिले. "कोणी केलं?"

तिथेच माझं डोकं फिरलं.

दोन

स्टुडिओ चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी: आमचं काम फुकट वाटू नका, चोरीची प्रत ऐकणारा चोरच. मला पाटी आवडली.

मालक पन्नाशीचे, नीटनेटके, आवाज खर्जातला. सगळे त्यांना दादा म्हणतात. हळू बोलतात, कारण मोठ्यानं बोलायची त्यांना गरजच पडत नाही.

"माझं रेकॉर्डिंगचं मशिन कधीच इंटरनेटला जोडलेलं नसतं," त्यांनी अभिमानानं सांगितलं. "पंचवीस वर्षांचा धंदा आहे, मॅडम. सगळ्यांना नियम घालून दिलाय. जे आलं ते कोणाच्या तरी हातून आलं."

"कोणाच्या?"

"जिला मी काढून टाकलं तिच्या. माझी मदतनीस. जेवायला बसली की फोनवर गेम. घरी गेली की गेम. आणला असेल कुठूनतरी फुकटचा आणि लावला असेल माझ्या मशिनला." नाव न घेता टोपणनाव सांगितलं. फिरकी. एका जागी बसत नाही म्हणून.

मशिन कुठे आहे म्हणून विचारलं, तर भिंतीतल्या कपाटाकडे नेलं. आवाजाच्या धंद्यात कॉम्प्युटर माणसांच्या जवळ ठेवत नाहीत. त्याचा पंखा माइकमध्ये ऐकू येतो. पडदा आणि कळफलक बाहेर, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. किल्ली दादांच्या खिशात असते, दुसरी त्यांच्या मेहुण्याकडे, कारण मशिनची दुरुस्ती तोच बघतो. सकाळी मशिन सुरू करायला फिरकी दादांची किल्ली मागून घ्यायची.

कपाटाच्या दाराला आतून जाड स्पंजची गादी चिकटवली होती. बाकी स्टुडिओतला स्पंज उन्हानं पिवळा पडलेला, हा मात्र नवाकोरा, अजून गोंदाचा वास येणारा.

"ही गादी?"

"शांतता, मॅडम. शांतता हाच माझा माल." ते हसले. मग कौतुकानं एक छोटं, मुठीत मावणारं रेकॉर्डर दाखवलं. "कोणीही बोलायला बसलं, की आधी आम्ही अर्धं मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करतो. रिकामी शांतता. वाक्यांमध्ये जिथे ठिगळ लावायचं तिथे हीच लावतो. शहरात दुसरं कोणी एवढं करत नाही. न्या, ऐका. माझं काम कसं असतं ते कळेल."

मी रेकॉर्डर पिशवीत टाकलं. तो पुरावा ठरेल असं दादांच्या मनातही आलं नव्हतं, कारण शांतता कोण ऐकतं?

"आणि दुसरी प्रत?" मी जाता जाता विचारलं. "एवढे काटेकोर तुम्ही. बाईंच्या आवाजाची दुसरी प्रत असेलच."

दादांनी टेबलावरची काळी डिस्क पुढे सरकवली. "होती. ही मशिनलाच जोडलेली होती तेव्हा. तिच्यावरचं पण गेलं."

मी डिस्कही घेतली. घरी जाऊन जोडली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. डिस्कला कुलूप लागलेलंच नव्हतं. डिस्क रिकामी होती.

तीन

खंडणी मागणारा कुलूप लावतो. तो घर जाळत नाही, जाळल्यावर त्याला पैसे कोण देणार? म्हणजे डिस्क एखाद्या माणसानंच धुऊन काढली होती. ती मी आमच्या प्रयोगशाळेत दिली, पुसलेलं वर काढता येतं का बघायला, आणि फिरकीचं घर गाठलं.

पस्तिशीची बाई, डोळ्यांखाली काळं. तिनं मला बसा म्हटलं नाही.

"विचारा. सगळे तेच विचारतात. दोन स्टुडिओत कामाला गेले, दोन्हीकडून परत पाठवलं. दादांनी फोन करून सांगितलंय म्हणे, हिच्या हाताला व्हायरस आहे."

"गेम खेळता?"

"खेळते. फोनवर रंगीत गोळ्या फोडते. त्याला कॉम्प्युटर लागतो का?"

"बाईंची वाक्यं तुम्ही रेकॉर्ड केलीत?"

तिचा आवाज खाली आला. "सुरुवातीची मी. मग बहिणीचं बाळंतपण निघालं, मी गावाला गेले. तेवढे दिवस दादांनी स्वतः केली. परत आले तेव्हा कपाटाच्या दाराला ती गादी लागलेली. विचारलं, तर म्हणाले, तुझ्या कामाचं बघ." मग तिनं मला सरळ विचारलं, "बाई कशा आहेत? शांतता घ्यायची म्हणजे गप्प बसायचं असतं. त्यांना जमायचंच नाही. पोरांना गप्प बसवण्यात जन्म गेला, स्वतः बसायची सवय नाही म्हणायच्या."

या बाईनं काही केलं नाही असं मला वाटलं. पण मला वाटून काय उपयोग. मला वाटण्यावर आरोपपत्र होत नाही.

मेहुण्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. काठी टेकत बाहेर आला. परवाच प्लास्टर निघालं होतं, मोटारसायकलवरून पडून पायाचा चुरा झालेला. दुकानात काचेखाली रांगेनं डिस्का ठेवल्या होत्या. महागडे प्रोग्रॅम, नवे गेम, सगळं चोरून फोडलेलं, भाजीच्या भावात.

"हे उघड विकतोस?" मी विचारलं.

"मॅडम, गिऱ्हाईकच मागतं. फुकट ते पौष्टिक."

मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. तो लाल झाला आणि गडबडीनं म्हणाला, "पण दादांना मी कधी काही दिलं नाही. ते मलाच चोर म्हणतात सगळ्यांदेखत. त्यांनी माझ्याकडून नियमानं बिल घेऊन एकच वस्तू घेतली, ते चित्राचं मोठं कार्ड, ग्राफिक्स कार्ड. व्हिडिओचं काम येणार आहे म्हणाले."

"आलं का?"

"मला काय माहीत? पाय मोडल्यापासून मी चार मजले चढलोच नाही. बाईंचं रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीच पडलो की मी."

स्टुडिओत मी एकही व्हिडिओ पाहिला नव्हता. भिंतीवर एक पडदासुद्धा नव्हता. आवाजाच्या माणसाला चित्राचं एवढं मोठं कार्ड कशाला लागतं, हा प्रश्न डोक्यात घेऊन मी घरी आले, कानाला हेडफोन लावले आणि दादांची शांतता ऐकायला बसले.

चार

अर्धं मिनिट काहीच न ऐकणं सोपं नसतं. एकापाठोपाठ एक कितीतरी अर्धी मिनिटं मी ती ऐकली. प्रत्येकीच्या सुरुवातीला रेकॉर्ड करणारा तारीख बोलतो. आधी फिरकी. तारीख, मग शांतता, विहिरीच्या तळासारखी. रोज शेवटी खुर्ची थोडी करकरते आणि बाईंचा आवाज येतो, जरा घोगरा, हसरा. "झालं? बोलू आता?" आणि रेकॉर्डर बंद.

हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. हेडफोन काढून ठेवले, पाणी प्यायले, परत लावले.

मग तारीख बोलणारा आवाज बदलला. खर्जातला. फिरकी गावाला गेली होती. एक दिवस शांतता, दुसऱ्या दिवशी शांतता. तिसऱ्या दिवशी खाली, खूप खाली, एक घरघर. मी आवाज वाढवला. पंखा. कॉम्प्युटरचा पंखा, चढावर लागलेल्या गाडीसारखा जोरात फिरणारा. चौथ्या दिवशीही घरघर. पाचव्या दिवसापासून ती दबली, उशीखाली घातल्यासारखी, पण गेली नव्हती. फिरकी परत आली तेव्हाही ती तशीच दबलेली होती.

कॉम्प्युटर रिकामा बसलाय, कोणी वाक्यही बोललेलं नाही, मग त्याचा पंखा कोणासाठी धावतोय?

याचं उत्तर मला माहीत होतं. चोरीच्या गेमबरोबर व्हायरसचे पाहुणे येतात. ते आल्या आल्या कुलूप लावत नाहीत. आधी तुमच्या मशिनला गुपचूप कामाला जुंपतात, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कोणासाठी तरी बिटकॉइनसारखी आभासी नाणी पाडायला. वीज तुमची, मशिन तुमचं, कमाई त्याची. रस काढून झाला की तेच उघडं दार कुलूपवाल्यांना विकतात. आणि नाणी पाडायला एक गोष्ट लागतेच. इंटरनेट.

तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला. "मॅडम, डिस्कवरचं पुसलेलं बरंचसं वर आलं. पण तुम्ही म्हणता त्या बाईंचं एकही वाक्य नाही."

"मग काय आहे?"

त्यानं सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं.

पाच

दादा, मेहुणा, फिरकी, बाई आणि यजमान. मेहुणा चार मजले चढून घामाघूम. फिरकी दाराशी उभी. दादा तिच्याकडे बघतही नव्हते. मी छोटं रेकॉर्डर दादांच्याच मोठ्या स्पीकरांना जोडलं आणि एकामागून एक शांतता वाजवल्या. दादांच्या आवाजातल्या तिसऱ्या तारखेला खोली घरघरायला लागली. मी थांबवलं.

"पंखा जुना झालाय," दादा म्हणाले.

"बदललात?"

त्यांनी कपाटाच्या दाराकडे पाहिलं.

"बसल्या जागी माणूस धापा टाकायला लागला तर आपण डॉक्टर गाठतो. तुम्ही आवाजातली माणसं, तुम्हाला तर माझ्या आधी ऐकू आलं. आणि तुम्ही काय केलंत? दाराला गादी लावलीत. कारण शोधलं नाहीत, कारण ते तुम्हाला माहीत होतं."

"फिरकीनं आधीच काहीतरी लावून ठेवलं असेल. वेळ आल्यावर सुरू झालं."

"असेल की. पण हा पंखा इंटरनेटशिवाय धावत नाही. तुमचं मशिन कधीच जोडलेलं नसतं ना? फिरकी गावाला. मेहुणा प्लास्टरमध्ये. कपाटाची किल्ली तुमच्या खिशात. मग जोडलं कोणी?"

मेहुण्यानं वळून दादांच्या खिशाकडे पाहिलं.

"आणि ही डिस्क," मी ती टेबलावर ठेवली. "तुम्ही म्हणालात, हिच्यावरची प्रत पण गेली. हिच्यावर बाईंची प्रत कधी नव्हतीच. ती ठेवायला जागाच नव्हती. हिच्यावर गेम होते, एकापेक्षा एक अवाढव्य, सगळे फोडलेले. चित्राचं ते मोठं कार्ड त्यांच्यासाठीच घेतलंत. प्रत्येकाबरोबर सूचना आहे, खेळायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा. ती तुम्ही मन लावून पाळलीत. चोर सांगतो, आधी कुत्रा बांधा, मग दार उघडा, आणि तुम्ही कुत्रा बांधता. कुलूप लागल्यावर तुम्ही गेम पुसलेत, डिस्क पुसलीत, आणि मग माझ्याकडे फिरकीचं नाव दिलंत."

दादा खाली बसले. त्यांचा तो खर्जातला आवाज कुठल्या कुठे गेला. "दिवसभर दुसऱ्यांचं ऐकायचं, मॅडम. संध्याकाळी स्टुडिओ बंद झाला की जरा... एक गेम होता फक्त. सगळेच करतात."

"दारावर काय लिहिलंय तुमच्या?"

"माझं काम लोक चोरतात तेव्हा माझं पोट मारलं जातं."

"आणि ज्यांनी तो गेम बनवला ते हवा खाऊन जगतात? तुमच्या महिन्याच्या चहाच्या पैशांत विकत आला असता तो." मी ओरडत होते. त्या स्पंजाच्या खोलीत ओरडलेलं जागच्या जागी मरतं, त्यामुळे मला आणखी ओरडावंसं वाटत होतं. "एक दिवस तरी डिस्क मोकळी करायची होतीत. एक गेम पुसला असता तर या बाईंचा आवाज मावला असता. तुम्हाला गेम पुसवला नाही."

फिरकी दाराशी रडत होती. रागानं रडत होती, हात मुठीत. "माझ्या तोंडावर म्हणाला असतात तरी चाललं असतं, दादा. तुम्ही गावभर फोन केलेत."

दादांनी तिच्याकडे पाठ फिरवली. ते बाईंकडे वळले. "बाई, मला माफ..."

बाईंनी हात वर केला. वर्गात करतात तसा. खोली गप्प झाली. त्यांनी पाटीवर लिहिलं, दादांसमोर धरलं, आणि उत्तर येईपर्यंत धरून ठेवलं.

"जिंकलात का?"

दादांनी मान हलवली. "नाही. चार दिवसांत कंटाळा आला. सोडून दिला मध्येच."

बाईंनी पाटी पुसली. रुमालाच्या टोकानं, कोपऱ्यापर्यंत, स्वच्छ.

सहा

पुरावा नष्ट केला आणि पोलिसांना खोटी माहिती दिली म्हणून मी दादांवर गुन्हा नोंदवला. मेहुण्याच्या काचेखालचा माल उचलला. फिरकीला ज्यांनी परत पाठवलं होतं त्या दोन्ही स्टुडिओंत मी स्वतः गेले, गणवेशात, आणि जरा मोठ्यानंच बोलले. एकानं तिला घेतलं. ज्या माणसानं कुलूप लावलं तो कुठल्या देशात बसलाय हे मला माहीत नाही आणि बहुधा कधी कळणारही नाही. एका बाईचा आवाज कंटाळा आलेल्या गेमपायी गेला, याला कायद्यात नावच नाही. मी सगळी कलमं शोधली.

कंपनी म्हणाली, एवढ्याशा तुकड्यांवरून यंत्र होत नाही. मला ते आधीच ठाऊक होतं.

तरी त्या छोट्या रेकॉर्डरमधल्या शांततांची एक प्रत तशाच दुसऱ्या रेकॉर्डरवर करून मी बाईंच्या घरी घेऊन गेले. बोललेल्या सगळ्या तारखा मी कापून टाकल्या होत्या, दादांच्या सगळ्यात आधी. तेवढा राग काढून घेतला.

आई खिडकीशी बसल्या होत्या. माझी चाहूल लागली तशा म्हणाल्या, "कोण आलंय? माझ्या लेकीला सांगा हो, काही चुकलं असेल तर सोडून दे म्हणावं. बोल म्हणावं माझ्याशी."

बाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. आईंचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. मी रेकॉर्डर बाईंच्या हातात दिलं आणि त्यांनी बटण दाबलं.

अर्धं मिनिट काहीच नाही. बाईंचा श्वास. खुर्ची करकरली. मग घोगरा, हसरा आवाज.

"झालं? बोलू आता?"

आईंचा हात डोक्यावर थांबला. चेहरा सगळा हलला. "बोल की गं. कधीची वाट बघतीये मी. बोल."

त्या ऐकत राहिल्या. यजमान भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्या दिवसाच्या शांततेत त्यापुढे काही नव्हतं.

"थांबलीस का? बोल ना," आई म्हणाल्या.

बाईंनी पुढच्या दिवसाची शांतता लावली.